कोहिनूर बघायला सव्वाचार हजार!

अहो वहिनी, या ना जरा अशा कुंपणापाशी. मोठ्यानं नको बोलायला, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडीच असते… ऐकलंत का? कोपऱ्यावरचे काका-काकू आले लंडनहून! आणि काका काय सांगत फिरतायत माहितेय? सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर फिरायला येतो त्या प्रत्येकाला धरून, "प्लॅनिंग सगळं माझं." कसलं यांचं नि कसलं काय! जायच्या आधी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर कोण बसायचं? मी. मला नका सांगू.

काकांचं प्लॅनिंग म्हणजे लॅपटॉपवरचे रकाने. बँकेतून रिटायर झाले, रकाने काही सुटले नाहीत. तर यांनी केलं काय, सगळ्या खर्चाचे मिळून पाच लाख धरले, आठ दिवसांनी भागले आणि जाहीर केलं, "रोजचं बजेट बासष्ट हजार पाचशे." काकू शेंगा सोलत होत्या. मान वरसुद्धा न करता म्हणाल्या, "विमानाचं तिकीट रोज काढणार का तुम्ही?"

अहो, तो चेहरा बघायला हवा होता. फुगलेली पुरी बसावी तसा बसला. मी पदर तोंडाला लावला, दुसरं करणार काय.

मग काकूंनी त्यांची वही काढली. तीच हो, दूधवाल्याचे खाडे लिहायची. मधोमध रेघ मारली. रेघेच्या डावीकडे निघायच्या आधी जाणारे पैसे, म्हणजे विमान, हॉटेल, इन्शुरन्स, व्हिसा. व्हिसाचेच २०२५ च्या एप्रिलपासून माणशी १२७ पौंड झाले होते, आणि नाकारला तरी परत येत नाहीत ते. पौंड सरळ १२० रुपयांना धरला, म्हणजे मनातल्या मनात गुणता येतो. तिथेच माणशी पंधरा हजारांवर गेले! काकू म्हणाल्या, "हे गेले म्हणून धरायचं. तिकडे जाऊन यांचा उच्चार करायचा नाही." आणि उजवीकडे फक्त तिकडे पाय ठेवल्यावर रोज लागणार ते. रोजचं बजेट म्हणतात ते एवढंच.

तेवढ्यात पुण्याचे मेहुणे आले. काकूंचे धाकटे भाऊ नाहीत का, सगळं जग पाहिलेले… गाडी लावतानाच सल्ला सुरू. "ताई, कसली वही घेऊन बसलीस? रोजचे शंभर पौंड धर, डोळे झाकून. एअरपोर्टवरून हीथ्रो एक्स्प्रेस पकड, पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन!" काकूंनी विचारलं, किती पडतात? म्हणे, पंचवीस पौंड. माणशी! एलिझाबेथ लाइननं १३ पौंड ९० पेन्स आणि साध्या पिकॅडिली लाइननं ५ पौंड ८०. २०२५ चे दर हो हे, काकूंनी लेकीकडून काढून घेतलेले. पिकॅडिलीला तासभर लागतो, एवढंच. काकू म्हणाल्या, "सकाळी सातला उतरणार, हॉटेलची खोली मिळणार दुपारी तीनला. पंधरा मिनिटांत पोचून फुटपाथवर बसू का?" दोघांचे मिळून साडेचार हजार वाचले की त्या एका वाक्यात.

पण मेहुणे गप्प बसतात होय! म्हणाले, "बरं, व्ही अँड ए म्युझियमला नक्की जा, तिथे महाराजांची वाघनखं आहेत." आता हे साताऱ्यात येऊन सांगायचं! काकूंनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. "अरे, ती २०२४ च्या जुलैत इथे आली, आपल्या संग्रहालयात. तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणलीत. रांग लावून पाहिली आम्ही." मेहुण्यांनी चहाचा कप उचलला तो तोंडापुढून खाली येईचना.

तर काय सांगत होते… हां, उजवी बाजू. तिथे काकूंनी आधी प्रवास घेतला. लंडनचे झोन असतात. मधला एक, त्याच्याभोवती दोन, असे बाहेर बाहेर जातात. मशिनला कार्ड टेकवायचं, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. दिवसभरात कितीही हिंडा, ठराविक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत, त्याला कॅप म्हणतात. झोन एक आणि दोन मिळून ही रक्कम २०२५ मध्ये ८ पौंड ९० होती. मग काकू म्हणाल्या, कॅप जर दोन्ही झोनला एकच, तर महागडं हॉटेल मधोमध कशाला घ्यायचं? झोन दोनमध्ये घ्या. काकांनी रकान्यात झोन एकचं हॉटेल भरून ठेवलं होतं. खोडावं लागलं!

आणि खरी गंमत तर पुढेच. आठवड्याचीही कॅप असते, तेव्हा ४४ पौंड ७० होती. पण आठवडा कसा मोजतात? सोमवार ते रविवार. काकांनी तिकीट बघून ठेवलेलं गुरुवारी उतरायचं. म्हणजे चार दिवस एका आठवड्यात, चार दुसऱ्यात, कॅप काही गाठायची नाही. काकूंनी रविवारी उतरायचं ठरवलं. रोज रोज कापले असते तर सात दिवसांचे माणशी ६२ पौंड ३० झाले असते. दोघांचे मिळून चार हजारांवर वाचले, नुसता वार बदलून! काका म्हणाले, "हे माझ्या लक्षात येणारच होतं." येणारच होतं म्हणे…

बरं, माणशी वेगळं कार्ड लागतं हं. काकांनी तिकडे पहिल्याच दिवशी एकाच कार्डावर दोघांना आत घ्यायला बघितलं. स्वतः गेले पलीकडे, काकू अलीकडे, आणि फाटक काही उघडेना. मागे ऑफिसला जाणाऱ्यांची ही गर्दी! काकूंनी शांतपणे पर्समधून आपलं फॉरेक्स कार्ड काढलं. त्यांनी मुंबईहूनच दोन करून घेतली होती. आपल्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप लावतात, वर त्यावर जीएसटी. आणि दुकानात मशिन विचारतं, पौंडात घेऊ की रुपयांत? रुपयांत म्हटलं की भाव ते ठरवणार. काकूंची ताकीद होती, पौंड म्हणायचं. काका दोनदा रुपयांवर बोट ठेवायला गेले, दोन्ही वेळा हात ओढला म्हणे.

मग जेवण. दुपारी सुपरमार्केटमधलं मील डील, म्हणजे सँडविच, वेफर्सची पुडी आणि थंड पेय, चार पौंडांच्या आसपास. कॉफी तेवढ्याचीच. रात्रीचं जेवण माणशी पंधरा. नाश्ता खोलीतच करायचा, तिकडच्या हॉटेलात किटली असतेच. काकूंनी गरम पाण्यात होणाऱ्या पोह्यांची, उपम्याची पाकिटं नेली. बेरीज ऐकता? प्रवास अठरा, दुपार आठ, कॉफी आठ, रात्र तीस. चौसष्ट पौंड, दोघांचे. आणि त्याच्या वर एक खास रक्कम होती… ती नंतर सांगते, तिथेच तर सगळी मजा आहे.

पेढ्यांचं सांगितलं का मी? नाही ना? काकांनी लंडनच्या भाच्यासाठी दोन किलो कंदी पेढे बांधून आणले. लेकीचा पुण्याहून फोन आला, "बाबा, तिकडे भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत." काका म्हणे, पेढा हा दुधाचा पदार्थ नव्हे, मिठाई आहे! वाद घातला तिच्याशी. शेवटी बॅगेतून पेढे निघाले, चिवडा आणि चकल्या गेल्या. अर्धा किलो आमच्याकडे आले. तुमच्याकडे नाही आले? बघा…

हां, तर भाचा. तो राहतो झोन सहामध्ये. म्हणाला, आठही दिवस इकडेच राहा. काकूंनी मांडलं. एक ते सहाची रोजची कॅप तेव्हा १६ पौंड ३० होती. दोघांचे रोज जवळजवळ पंधरा पौंड जास्त जाणार. पण हॉटेलला रात्रीचे शंभर-सव्वाशे पौंड! म्हणजे नातेवाईक कितीही लांब राहत असला तरी पैशात स्वस्तच. तरीपण काकू म्हणाल्या, दोघं नवराबायको नोकरी करतात, आठ दिवस आपण सोफ्यावर पसरलेलं बरं नाही दिसत. शेवटच्या दोन रात्री ठरवल्या. काकूंच्या वन्संना हे आवडलं नाही. भाचा म्हणजे त्यांचाच मुलगा ना! "आमच्या घरचं जेवण जड जातं वाटतं?" असं म्हणाल्या म्हणे फोनवर. त्याच वन्संनी वर यादी पण दिली, पर्स, परफ्यूम, आणि म्हणे व्हॅट परत मिळतो विमानतळावर. काकूंनी गोड आवाजात सांगितलं, "तिकडे पर्यटकांना व्हॅट परत देणं २०२१ पासून बंद झालंय हो." पलीकडे एकदम शांत. यादी अर्धी झाली त्यानंतर.

आता तिकिटं. इथे काकू आणि मेहुणे यांची खरी जुंपली. मेहुण्यांचं ते शंभर पौंड डोळे झाकून. काकू म्हणाल्या, सगळे दिवस एका मापाचे नसतात रे. टॉवर ऑफ लंडनला माणशी पस्तीस-छत्तीस पौंड. त्या दिवशी तुझे शंभर दुपारीच संपतील. आणि ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्ही अँड ए, सायन्स म्युझियम, सगळी फुकट. त्या दिवशी शंभर खिशात आहेत म्हणून उगीच उडवले जातील. म्हणून त्यांनी वहीत दिवसच दोन जातींचे केले, पौंडाचे दिवस आणि फुकटचे दिवस. एक पौंडाचा आला की पुढचे दोन फुकटचे. तिकिटांचं पान वेगळं, रोजच्या खर्चात मिसळायचं नाही. पायही दुखत नाहीत म्हणे तसं केलं की, आणि जीवही.

फुकटच्या एका दिवशी किंग हेन्रीज रोडला गेले, १० नंबरचं घर. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकायला होते तेव्हा राहिले होते तिथे. आपल्या राज्य सरकारनं २०१५ मध्ये घेतलं ना ते. काका तिथे अगदी गप्प झाले होते, काकूंनी सांगितलं. मग तिथून चालत प्रिमरोज हिलवर, सगळं शहर दिसतं खाली. खर्च? शून्य. वहीत शून्य लिहून त्याभोवती गोल केलाय, मी स्वतः पाहिलाय.

टॉवरचं ऐका आता. काका तिकीट खिडकीपाशीच अडले. "आपलाच हिरा बघायला माणशी सव्वाचार हजार?" काकू म्हणाल्या, पौंडात बोला, रुपयांत बोललात की घशाखाली पाणी उतरायचं नाही. आत गेले. कोहिनूर तिथे आधीच्या राणीच्या आईच्या मुकुटात बसवलाय, १९३७ चा मुकुट. आणि मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, लोक उभे राहतात आणि पुढे सरकतात, कोणाला रेंगाळता येऊ नये म्हणून. तर आपले काका पट्ट्यावरून उतरले, वळसा घालून परत चढले. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. काकू बाकावर बसून बघतायत. शेवटी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणाले, "वसूल करतोय."

मी तर हसून हसून… पण खरी पंचाईत पुढे झाली. काकांनी कपाटात जपून ठेवलेल्या नोटा नेल्या होत्या, वीस-वीस पौंडांच्या पाच. काकूंच्या धाकट्या दिरांनी कधीकाळी दिलेल्या. बजेटमध्ये नव्हत्या, काकूंना माहीतच नव्हत्या! कॉफीच्या दुकानात ऐटीत काढल्या. पोरीनं नोट उलटी केली, सुलटी केली, आणि हसून परत दिली. कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा २०२२ च्या सप्टेंबरअखेर बंदच झाल्यात, आता प्लास्टिकच्या. बारा हजार रुपये हो! काका पांढरे पडले. बसमध्ये चालतील म्हणून निघाले, तर बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत.

पण काकू डगमगतात होय? पासपोर्ट, पत्त्याचा कागद घेतला आणि काकांना बँक ऑफ इंग्लंडच्या रांगेत उभं केलं. थ्रेडनीडल स्ट्रीटवर. कितीही जुनी नोट असो, तिथे बदलून देतात. आयुष्यभर काउंटरच्या अलीकडे बसलेला माणूस, आता पलीकडे रांगेत! आणि काकू तोवर गेल्या बँकेच्याच म्युझियममध्ये, बाजूलाच आहे, फुकट. तिथे पेटीत हात घालून खरी सोन्याची वीट उचलून बघता येते. १३ किलोची! मला हातानं दाखवलं, अशी उचलली म्हणून. गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघत म्हणाल्या, "एवढं वजन आपल्याच्यानं पेलवत नाही गं." काका नोटा बदलून आले तेव्हा बाईंचा चेहरा असा खुललेला, आणि यांना वाटलं यांच्या नोटांमुळे!

हॉटेलातलं पाणी राहिलंच. वेटरनं विचारलं, स्टिल की स्पार्कलिंग? काका म्हणाले स्टिल, त्यांना वाटलं साधं पाणी. आली बाटली, बिलात लागले पैसे. टॅप वॉटर म्हणायचं असतं, दारूचं लायसन्स असलेल्या ठिकाणी ते फुकट द्यायचा कायदा आहे तिकडे. वर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बहुतेक ठिकाणी लागलेला असतो. त्यामुळे काकूंनी त्या पंधरात तेही धरलं होतं, जेवण तेराचं आणि दोन वरचे.

आता ती खास रक्कम. जवळ या… रोजचे माणशी दहा पौंड. बिनहिशोबी! वहीत त्यांच्यापुढे नुसती रेघ. कोणी कशावर खर्च केले, एकमेकांना विचारायचं नाही. चौसष्टात वीस मिळवले की चौऱ्याऐंशी, म्हणजे रोजचे दहा हजार. मेहुणे म्हणाले, हा खर्च उगीचच धरलाय, काढून टाक. काकूंनी त्यांना सांगितलं, "सगळं काढ, हे नाही. प्रवासात भांडणं मोठ्या खर्चावरून होत नाहीत. एक आइस्क्रीम कशाला घेतलंस, यावरून होतात." चाळीस वर्षांचा संसार बोलतोय हो तो.

काकांचे दहा रोज संध्याकाळपर्यंत साफ. चुंबकं, किल्ल्यांना अडकवायच्या बसगाड्या, एक ती पोलिसाची टोपी, ती घालून फिरायला येत होते ना परवा… आणि काकूंनी? एक पौंड हात लावला नाही. साठवले. आणि एका दुपारी काका खोलीत घोरत असताना, बाई एकट्या उठल्या, ट्यूबनं गेल्या आणि थिएटरात बसून नाटक बघून आल्या!

हो हो, एकट्या! 'द माउसट्रॅप'. अगाथा ख्रिस्तीचं, १९५२ पासून चाललंय लंडनमध्ये, मध्ये कोविडमुळे काय बंद पडलं तेवढंच. नाटक संपल्यावर प्रेक्षकांना सांगतात म्हणे, खुनी कोण ते बाहेर कोणाला सांगू नका. काका उठले तेव्हा काकू किटली लावत होत्या. "कुठे गेली होतीस?" "बिनहिशोबी," म्हणाल्या. बास. विषय संपला. तिकीट कितीला पडलं तेही सांगितलं नाही.

आणि मला सुद्धा नाही सांगत हो, खून कोणी केला ते! मी रोज विचारते. भाजी निवडता निवडता विचारलं, देवळात विचारलं. नुसत्या हसतात. काकांची तर झोप उडालीय. प्लॅनिंग सगळं माझं म्हणणारा माणूस परवा लायब्ररीत मराठी अनुवाद शोधायला गेला होता, कारकुनानंच सांगितलं मला.

असो. आमच्या ह्यांना मी कालच म्हटलं, वही मागून आणते, दोन पानं उतरवून घेते. हे म्हणाले, हॉटेलचेच एवढे होणार… म्हटलं, बघू की, काही ना काही सोय निघते. तुमची पुतणी लंडनलाच असते ना हो वहिनी? घर कुठल्या झोनमध्ये म्हणालात तिचं?